तेलसाठ्यात काय सोडावं: पाणी की कार्बन डायऑक्साइड?

विहीर नवी असते तेव्हा तेल बऱ्याचदा साठ्याच्या दाबानेच वर येतं. दाब उतरला की बहुतेक तेल खडकाच्या छिद्रांतच राहतं. मग बाहेरून काहीतरी सोडावं लागतं.

आधी पाणीच वापरून पाहावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ते स्वस्त पडतं आणि साठ्याचा दाबही टिकवतं. उत्तर समुद्रातल्या एकोफिस्क क्षेत्रात १९८७ पासून समुद्राचं पाणी मोठ्या प्रमाणावर सोडू लागले आणि उत्पादन पुन्हा चढलं. मात्र तेल दाट असेल तर पाणी त्याला पुढे ढकलण्याऐवजी वाट काढून थेट उत्पादन विहिरीत शिरतं. बारीक छिद्रांत अडकलेले थेंबही जागचे हलत नाहीत.

नेमके तेच थेंब कार्बन डायऑक्साइड सोडवतो. पुरेशा दाबाखाली तो तेलात मिसळतो. तेल फुगतं, पातळ होतं आणि थेंबांना धरून ठेवणारा पृष्ठताण नाहीसा होतो. टेक्सासच्या सॅक्रॉक क्षेत्रात १९७२ मध्ये हा प्रयोग सुरू झाला. शिवाय बराचसा वायू जमिनीखालीच राहतो, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

पण हा वायू पाण्याहूनही पातळ, त्यामुळे तो आणखी वेगाने पुढे पळतो. पाण्यात विरघळला की आम्ल बनतं आणि पोलादी नळ्या गंजतात. उथळ साठ्यात तर मिसळण्याइतका दाब देण्याआधीच खडकाला तडे जाऊ शकतात.

म्हणून अनेक ठिकाणी दोन्ही आलटून-पालटून सोडतात: पाणी वायूची धाव रोखतं. जवळ वायूचा खात्रीचा पुरवठा नसेल, तर पाण्यावरच थांबावं.