कॅल्शियम सायट्रेटच्या गोळ्या: पित्ताची गोळी रोज घेणाऱ्यांनी जरूर वाचा

सासूबाईंचं पित्त जुनं. सकाळी उपाशीपोटी पँटोप्राझोल ही पित्ताची गोळी आणि तिच्या मागोमाग कॅल्शियमची गोळी, असा त्यांचा क्रम होता. हाडांची घनता कमी निघाली तेव्हा डॉक्टरांनी आधी कॅल्शियमची स्ट्रिप बघायला मागितली. कॅल्शियम कार्बोनेट, १२५० मिग्रॅ. "ही उपाशीपोटी नको, आजी," म्हणाले आणि सायट्रेट लिहून दिलं.

उरलेल्या गोळ्यांतली एक मी खलबत्त्यात कुटून दोन वाट्यांत टाकून पाहिली. साध्या पाण्यात पांढरी पूड तळाला बसून राहिली. लिंबाच्या रसात टाकल्याबरोबर फसफसली. कार्बोनेट विरघळायला आम्ल लागतं, आणि पँटोप्राझोल जठरातलं नेमकं तेच कमी करते. जेवणाबरोबर घेतलं तर कार्बोनेटही बऱ्यापैकी अंगी लागतं. रिकाम्या पोटी, त्यात आम्ल दबलेलं असताना, फारच कमी. सायट्रेटला आम्लाचा तेवढा आधार लागत नाही, म्हणून जेवणाची वेळ पाळावी लागत नाही.

गोळी सोसली छान. आधीच्या गोळीने पोट साफ होत नसे, ती तक्रार गेली. पण आकार! वयस्कर माणसाच्या घशाचा विचार कुणीच केलेला नाही. सासूबाईंना ती अर्धी करूनच द्यावी लागते. आणि स्ट्रिपवर ठळक १००० मिग्रॅ छापलंय ते सायट्रेटचं वजन. त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम २१ टक्के, म्हणजे साधारण २१० मिग्रॅ. कार्बोनेटमध्ये ४० टक्के असतं, म्हणजे त्या जुन्या गोळीत ५०० होतं. साहजिकच गोळ्या जास्त लागतात, खर्चही वाढतो. प्रत्यक्ष कॅल्शियमचा आकडा मागे बारीक अक्षरांत कशासाठी? चष्मा लावूनही त्यांना तो वाचता येत नाही. कंपनीने तो पुढे मोठा छापलाच पाहिजे.

डॉक्टरांनी रक्तातलं मॅग्नेशियमही तपासून घेतलं. या जातीच्या पित्ताच्या गोळ्या दीर्घकाळ, बहुतेकदा वर्षाच्या वर, घेतल्या तर ते उतरू शकतं, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०११ मध्येच दिलाय. लोहालाही आम्लाची मदत लागते. त्यामुळे त्यांची लोहाची गोळी आता लिंबूपाण्याबरोबर, कॅल्शियमपासून काही तास लांब.

पाचपैकी चार तारे. पित्ताची गोळी नसेल आणि जेवणाबरोबर घेणं जमत असेल, तर स्वस्तातलं कार्बोनेट पुरेसं आहे. असेल तर ती मनाने बंद करू नका. दोन्ही स्ट्रिपा घेऊन डॉक्टरांकडे जा.