दोन झोनची युरोरॅक केस, एक उन्हाळा काढल्यानंतर

युरोरॅक म्हणजे सुटी मॉड्यूल जोडून बनवलेला सिंथेसायझर, आणि ही केस त्यांना बसायला जागा आणि वीज देते. दर ओळीला स्वतंत्र झोन, म्हणजे वेगळा वीजपुरवठा आहे, ए आणि बी: +12 व्होल्टला 1.5 अँपिअर, −12 ला 1, +5 ला अर्धा. एकेका झोनपुरते आकडे खरे आहेत. तरी नवतप्यात लाइन जाऊन आली की झोन बी उठेना, +12 चा दिवा नुसता लुकलुकायचा. विक्रेत्याच्या सर्व्हिसचं उत्तर ठरलेलं: नवा अॅडॉप्टर घ्या. भाव ऐकल्यावर मल्टिमीटर काढणं स्वस्त पडलं.

प्रत्येक मॉड्यूलच्या रेलवर, म्हणजे +12, −12 च्या पुरवठ्यावर, कपॅसिटर असतात. लाइन आली की सगळे एकदम चार्ज व्हायला बघतात, अॅडॉप्टरच्या विजेतून हे व्होल्टेज बनवणाऱ्या कन्व्हर्टरला ते शॉर्टसारखं दिसतं, तो बंद होतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. झोन बीमध्ये सगळे डिजिटल मॉड्यूल, म्हणून भार +12 वरच. मॉड्यूलला वीज देणारी एकेक रिबन (चपटी केबल) काढत गेलं की नेमकी जड मॉड्यूल सापडतात. त्यातली दोन झोन एमध्ये हलवली, दिवा स्थिर झाला. अॅडॉप्टर जुनाच आहे.

अर्थात तोही धुतल्या तांदळाचा नाही. 15 व्होल्ट, 4 अँपिअर म्हणजे 60 वॅट. दोन्ही झोनची बेरीज 65, त्यात कन्व्हर्टरचा तोटा वेगळा. म्हणजे पेटीवरचे आकडे एकाच वेळी कधीच मिळणार नाहीत. वर इथला मे महिना. केसच्या मागे बंद जागेत अॅडॉप्टर कोंबू नका.

सुरुवातीला मी या झोनना जाहिरातबाजी समजत होतो. आता मत बदललंय, पण ‘अॅनालॉग एकीकडे, डिजिटल दुसरीकडे’ हा सरसकट सल्ला मात्र आंधळेपणाने पाळू नये. मॅथ्स हे अॅनालॉग मॉड्यूल +12 वर 60 आणि −12 वर 50 मिलिअँपिअर घेतं. क्लाउड्स हे डिजिटल घेतं 120 आणि 10. सगळं अॅनालॉग एका झोनमध्ये भरलं की आधी −12 संपतो आणि +12 पडून राहतो. डिजिटल झोनमध्ये बरोबर उलटं. रेलच्या 75 टक्क्यांपुढे जायचं नाही असं धरलं, तर −12 ला 750 मिलिअँपिअर मिळतात, म्हणजे मॅथ्ससारखे पंधरा. तेवढ्यावर थांबा आणि +12 च्या उरलेल्या जागेत एखाद-दोन डिजिटल बसवा. प्रत्येक मॉड्यूलचे दोन्ही आकडे कागदावर लिहा, एका आकड्यावर हिशेब होत नाही.

आता खरी चीड. मॉड्यूलना वीज वाटायला झोन एला तांब्याचा जाड बसबोर्ड, झोन बीला रिबनची लोंबती बस. पाच आकडी किमतीच्या केसमध्ये हा कंजूषपणा! 16 पिनच्या रिबनमध्ये 0 व्होल्टच्या, म्हणजे ग्राउंडच्या, सहा तारा असतात. 28 गेजच्या 40 सेंटिमीटर रिबनमध्ये सहा मिळून रोध साधारण 14 मिलिओम. अॅनालॉग मॉड्यूलचा प्रवाह दोन्ही रेलमध्ये जवळपास सारखा असतो, म्हणून ग्राउंडमध्ये फारसं काही उरत नाही. डिजिटलचा मात्र जवळजवळ सगळा प्रवाह ग्राउंडमधूनच परततो. अर्धा अँपिअर परतला की 7 मिलिव्होल्ट पडतात. एका सप्तकाला 1 व्होल्ट, म्हणून एका सेमिटोनला 83.3 मिलिव्होल्ट लागतात, म्हणजे स्वर जवळपास 8 सेंट (सेमिटोनचे शंभरावे भाग) सरकला. झोन बीमधल्या सीक्वेन्सरने (स्वरांचा क्रम पाठवणाऱ्या मॉड्यूलने) झोन एमधला ऑसिलेटर (स्वर काढणारं मॉड्यूल) वाजवला की ही चूक थेट कानात येते, आणि मॉड्यूलच्या पडद्यावर उजेड वाढला की आणखी हलते. लोक ऑसिलेटरला दोष देतात, बिचारा निर्दोष असतो.

उपाय दोन. सीक्वेन्सर डिजिटल असला तरी ऑसिलेटरच्या झोनमध्येच बसवा, ही दोन्ही मॉड्यूल बसबोर्डच्या सुरुवातीला. दुसरा, 1 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, कोणत्याही वायरिंगवाल्याकडे मिळते. रिबनच्या शेवटच्या टोकाच्या ग्राउंडपासून थेट पॉवर बोर्डच्या ग्राउंडपर्यंत. त्या 40 सेंटिमीटरचा रोध 7 मिलिओम, म्हणजे एकूण पाचाच्या आत येतो आणि सरकणं तीन सेंटच्या आत. सोल्डर करताना केस बंद, अॅडॉप्टर भिंतीतून काढलेला.

झोन बीच्या हेडरना, म्हणजे रिबन जिथे खोचतात त्या पिनांना, चुकीची दिशा अडवणारी चौकटही नाही. रिबन उलटी बसू शकते, तेव्हा लाल कड −12 कडे, प्रत्येक वेळी डोळ्यांनी पाहून.

झोन एला पाच तारे, झोन बीला तीन. घेताना दोन्हीकडे बोर्डच मागा, आणि वेगळे पैसे सांगितले तर ती तार आणा.