चार कॅप्सूलचा ॲम्बिसोनिक रेकॉर्डर: काही महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः त्याच्या घड्याळाबद्दल

ॲम्बिसोनिक म्हणजे चार माइक-कॅप्सूलनी चहूबाजूंचा आवाज दिशेसकट टिपणारा. 24 बिट, 96 किलोहर्ट्झ वगैरे खोक्यावर छापलेलं आहे, त्यात पडत नाही. गुहा, रिकाम्या टाक्या, घुमट यांचे इम्पल्स रिस्पॉन्स (ती जागा आवाजाला कशी घुमवते त्याचा ठसा) घेऊन सराउंड मिक्समध्ये वापरायचे असतील, तर एक उणीव सारखी आडवी येते. या रेकॉर्डरला बाहेरचा सिग्नल घेण्याची सोय नाही आणि हा स्वतः स्वीप (ठसा घेण्यासाठी वाजवायचा, खालच्या स्वरापासून वरच्यापर्यंत सरकत जाणारा आवाज) वाजवत नाही. स्वीप दुसऱ्या प्लेअरवरून वाजवायचा, म्हणजे दोन यंत्रं आणि सॅम्पलची गती ठरवणारी दोन आतली घड्याळं. ती कधीच एका चालीनं चालत नाहीत.

फरक 20 पीपीएम धरा, दहा लाखांत वीस. 20 सेकंदांच्या स्वीपमध्ये तो 0.4 मिलिसेकंद होतो, 48 किलोहर्ट्झला 19 सॅम्पल. डिकन्व्होल्यूशननंतर (रेकॉर्डिंगमधून स्वीप उलगडून जागेचा ठसा वेगळा काढल्यावर) थेट आवाजाची टोकदार रेघ यायला हवी, तिथे छोटासा चिर्प, म्हणजे सरकता चिवचिवाट येतो, कारण वरचे स्वर खालच्यांच्या मागेपुढे सरकलेले असतात. आवाजाची धार जाते. म्हणून बरेच स्वीप घेऊन सरासरी काढण्याच्या फंदात पडूच नका. प्रत्येक स्वीप थोडा सरकलेला असतो आणि वरच्या स्वरांचा पट्टा एकमेकांना खोडतो. एकच लांब स्वीप घ्या. लांबी दुप्पट केली की नॉइजच्या तुलनेत 3 डेसिबल पदरात पडतात. सेवाकेंद्राचं उत्तर 'मर्यादेत आहे' एवढंच. एवढी किंमत मोजल्यावर हे ऐकून चीड येते.

तरी परत करण्याचा विचार सोडला. स्कॉटलंडमधल्या इंचिनडाउनच्या तेलटाक्यांत ध्वनिशास्त्रज्ञ ट्रेव्हर कॉक्स यांनी 125 हर्ट्झला 112 सेकंदांचा रिव्हर्ब (आवाज थांबल्यावर मागे उरणारी घुमण) मोजला. असल्या जागेत सगळी मजा शेपटीची, 0.4 मिलिसेकंदानं काही बिघडत नाही. विजापूरचा गोलघुमट मात्र वेगळा. आतला व्यास साधारण 38 मीटर, म्हणजे आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत यायला 0.22 सेकंद. तिथे सुटे सुटे प्रतिध्वनी ऐकू यायला हवेत, आणि त्यांना धार हवीच.

त्यावर बिनपैशाचा उपाय आहे. स्वीपच्या फाइलमध्ये सुरुवातीला एक क्लिक ठेवा, मग दोन सेकंद शांतता, मग स्वीप. त्यानंतर रिव्हर्ब पूर्ण विरेल एवढी शांतता आणि तीच क्लिक पुन्हा. मूळ फाइलमध्ये दोन क्लिकांत 60 सेकंद असतील, तर 20 पीपीएमला रेकॉर्डिंगमध्ये सुमारे 58 सॅम्पलचा फरक दिसेल. दोन्हीकडे थेट आवाजाचं तेच शिखर पकडून मोजा आणि त्या प्रमाणात चारही चॅनेल एकत्र रिसॅम्पल करा (त्यांची गती बदला). पिच जपण्याचा पर्याय बंद ठेवा. डिकन्व्होल्यूशन त्यानंतर. हे दर टेकला करा. तापमान बदललं की घड्याळाची चालही बदलते.

स्पीकरला ब्लूटूथ नको, वायर लावा. वायर लावूनही काही पोर्टेबल स्पीकरांचा आतला लिमिटर (आवाज ठरावीक पातळीपुढे दाबणारी सोय) चालूच राहतो. साधं हार्मोनिक डिस्टॉर्शन (मूळ स्वराच्या पटीतले आगंतुक स्वर) डिकन्व्होल्यूशननंतर थेट आवाजाच्या आधी जाऊन बसतं, तिथून कापता येतं. लिमिटरनं केलेली मोडतोड कापता येत नाही. तेव्हा आवाज 6 डेसिबलनं उतरवून पाहा: रिस्पॉन्सचा आकार बदलला तर लिमिटर मधे येतोय. फुगा फोडून काम भागवणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, फुग्यात खालचा पट्टा फार कमी असतो आणि प्रत्येक फुगा वेगळा वाजतो.

चॅनेलांचा क्रमही तपासा. तो मांडण्याच्या दोन पद्धती आहेत, ॲम्बिएक्स आणि फ्युमा; डब्ल्यू म्हणजे चहूबाजूंचा आवाज, एक्स समोर-मागे, वाय डावं-उजवं, झेड वर-खाली. ॲम्बिएक्समध्ये डब्ल्यू, वाय, झेड, एक्स. फ्युमामध्ये डब्ल्यू, एक्स, वाय, झेड, शिवाय डब्ल्यू 3 डेसिबल खाली. प्लगिनला चुकीचा क्रम सांगितला तर समोरचा आवाज छतावर जातो आणि छताचा बाजूला. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ट्रायपॉडची परवानगी आधीच काढून ठेवा.

चार जुळलेल्या प्रीॲम्पचा (माइकचा सिग्नल वाढवणाऱ्या भागांचा) वेगळा रेकॉर्डर घ्यायचं मनात असेल तर थांबा. तेवढे पैसे 60 हर्ट्झपर्यंत नीट उतरणाऱ्या, बॅटरीवर चालणाऱ्या स्पीकरवर घाला. या रेकॉर्डरच्या घड्याळापेक्षा तिथली कसर जास्त ऐकू येते.