आरएस४ टायरवर एक आख्खा हंगाम : खडे, शोल्डर आणि खर्च

दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर टायरचा आकार २१५/४५ आर १७ लिहिलाय आणि तुम्ही आणलेत २२५/४५, सबब बसवून मिळणार नाहीत, असं एका मोठ्या साखळी-दुकानाच्या काउंटरवरच्या पोराने मला सांगितलं. व्यासात फरक किती, तर नऊ मिलिमीटर. रिम सात इंच रुंद, आणि २२५/४५ ला सात इंच चालतं हे टायर कंपनीच्याच तक्त्यात छापलेलं. तक्ता मोबाइलवर उघडून दाखवला तर म्हणे पॉलिसी. वर आगाऊ घेतलेले बसवणावळीचे पैसे परत द्यायला चकरा मारायला लावल्या त्या वेगळ्याच. शेवटी गावाबाहेरच्या एका म्हाताऱ्या गॅरेजवाल्याने तासाभरात चारही बसवले, बॅलन्सिंगची वजनं रिमच्या आतून चिकटवली आणि नट टॉर्क रेंचने ८९ फूट-पाउंडला आवळून दिले. तेव्हाच लिहायला बसलो होतो, पण ते सगळं दुकानाबद्दलच झालं असतं. आता मिशिगनमधला हंगाम संपलाय, टायर उतरवून बेसमेंटमध्ये ठेवलेत, म्हणून टायरबद्दल, म्हणजे हँकूकच्या आरएस४ बद्दल.

गाडी पहिल्या पिढीची सुबारू बीआरझेड. मूळ टायर मिशेलिन प्रायमसी एचपी. हेच जपानात प्रियसलाही यायचे, त्यावरचे विनोद सगळ्यांना पाठ असतीलच. गाडी थोडी घसरती राहावी म्हणून मुद्दाम दिलेले, रस्त्यावर मजा येते, पण ट्रॅकसाठी ते केलेलेच नाहीत. माझ्याकडे ट्रेलर नाही, रिमचा जादा सेट नाही आणि घ्यायची तेव्हा तयारीही नव्हती. ज्या टायरवर ऑटोक्रॉस (मोकळ्या डांबरी जागेत रबरी शंकू, म्हणजे कोन, मांडून एकेका गाडीने घड्याळाशी लावायची शर्यत) करायचं, त्याच टायरवर तीन तास गाडी हाकत साउथ हेवनला जिंजरमॅनच्या ट्रॅकवर जायचं, दिवसभर पळवायची आणि त्याच टायरवर घरी यायचं. खाली जे काही लिहिलंय ते या अटीवर वाचा.

एससीसीए या अमेरिकन मोटरस्पोर्ट क्लबच्या स्ट्रीट वर्गांत टायरचा ट्रेडवेअर, म्हणजे टिकाऊपणाचा छापील आकडा, किमान २०० लागतो, त्यामुळे यादी तीच ती सगळ्यांची : ब्रिजस्टोन आरई-७१आरएस, योकोहामा ए०५२, फाल्कन आरटी६६०, हँकूक आरएस४. चौघांवरही २००. या आकड्यावर माझा फार राग आहे. टेक्सासात सॅन अँजेलोजवळ ४०० मैलांचा एक ठरलेला रस्ता आहे. तिथे टायर ७,२०० मैल चालवतात, सोबतच्या प्रमाण टायरशी झीज ताडून बघतात आणि मग आकडा टाकते कंपनी स्वतःच. चाचणी साध्या सार्वजनिक रस्त्यावरची. वळणात तापून टायरचा चुरा होतो तेव्हा काय, याचा त्या आकड्याशी काडीचा संबंध नाही. शर्यतीचा नियम २०० म्हणतो, तर कंपनी अगदी नेमका २०० चा टायर काढणार, हे सांगायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. ए०५२ चा २०० आणि आरएस४ चा २०० यांत आयुष्याचा फरक इतका आहे की एकाच आकड्यात दोघांना कोंबणं ही ग्राहकाची थट्टा आहे.

मी आरएस४ घेतले ते निव्वळ कंजूषपणाने. ‘ट्वेंटी फोर आवर्स ऑफ लेमन्स’सारख्या भंगार गाड्यांच्या लांब शर्यतींत लोक तासन्‌तास हेच रगडतात, म्हणजे माझा हंगाम निघेल असा हिशेब. चारही टायर बसवणावळीसकट हजार डॉलरच्या आत बसले.

ऑटोक्रॉसला पहिले काही रविवार मी वैतागलो होतो. मोसमाच्या सुरुवातीला सकाळी इथे हुडी घालून कोर्स चालावा लागतो. डांबर गार, रन जेमतेम मिनिटभराचा, दिवसाकाठी तीन-चार रन. पहिल्या रनला आरएस४ म्हणजे न तापलेल्या तव्यावर टाकलेली भाकरी. स्टिअरिंग वळवलं की पुढचं नाक सरळच निघतं, कोन उडतो आणि दोन सेकंदांचा दंड बोडक्यावर बसतो. टायरला जाग येईपर्यंत शेवटचा रन आलेला असतो. शेजारी ए०५२ वाले बागेतला फवारा घेऊन दोन रनच्या मध्ये टायरवर पाणी मारत असतात, कारण त्यांचे तापून जातात. मी त्यांच्याकडे बघत माझे कसे तापतील याच्या विवंचनेत. त्या काळात कोणी विचारलं असतं तर मी ‘घेऊ नका’ म्हणालो असतो.

मग एक मित्र माझ्याच गाडीत को-ड्रायव्हर म्हणून यायला लागला आणि चित्र पालटलं. त्याचा रन, लगेच माझा रन, टायरला गार व्हायला फुरसतच नाही. वर एंट्री फी त्याची तो भरतो, पेट्रोल निम्मं. हवा मी ऑटोक्रॉसला पुढे ३४ पीएसआयपासून सुरू करतो आणि साइडवॉलच्या कडेला खडूने रेघ मारतो. रेघ कुठपर्यंत पुसली गेली ते बघून कमी-जास्त. ट्रॅकवर उलट, गार असताना ३० च्या आत ठेवायची, कारण सेशनमध्ये ती चढते. आत येताक्षणी गरम असतानाच मोजा. चहा घेऊन मग मोजलीत तर तो आकडा काही कामाचा नाही.

आणि ट्रॅकवर हा टायर दुसराच निघाला. वीस मिनिटांचं सेशन, पहिला लॅप सांभाळून, दुसऱ्यापासून पकड येते आणि मग शेवटच्या झेंड्यापर्यंत ती हलत नाही. सर्वांत वेगवान नाही, ते मान्य. पण ब्रेक कुठे मारायचा ते एकदा ठरलं की ठरलं. शिकणाऱ्याला याहून जास्त काय हवं? टायर सुटायच्या आधी कुरकुरतो, सांगून सुटतो.

पुढच्या डाव्या टायरचं मात्र लिहायला हवं. जिंजरमॅन घड्याळाच्या दिशेने धावतो, उजवी वळणं जास्त, सगळा भार डाव्या पुढच्यावर. बीआरझेडला पुढे स्ट्रट सस्पेन्शन, कंपनीचा कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) जवळजवळ शून्य. गाडी झुकली की टायर बाहेरच्या काठावर उभा राहतो. आतली निम्मी नक्षी नव्यासारखी आणि बाहेरचं शोल्डर गुळगुळीत, असला टायर बघून जीव जळतो. दोष टायरचा नाही, कोणताही टायर घाला, हेच होणार. स्ट्रटला कॅम्बर बोल्ट टाकून पुढे दोन अंशांच्या आसपास निगेटिव्ह, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत झुकलेला, घेतलं, दर ट्रॅक-डेनंतर पुढचे मागे करायला लागलो आणि झीज एकसारखी झाली. बोल्ट अगदी किरकोळ किमतीचे, अलाइनमेंटचे पैसे वेगळे, पण ते एका टायरच्या किमतीहून कमी. तुमच्या वर्गात हे बोल्ट चालतात का, ते नियमपुस्तकात बघून घ्या.

आता खडे. हो, खड्यांवर स्वतंत्र परिच्छेद, कारण याबद्दल मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. ट्रॅकवरून बाहेर पडताना टायर गरम आणि चिकट असतो. पॅडकची, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या लावायच्या जागेची बारीक खडी, रबराच्या गोळ्या, वाळकी पानं, सगळं अंगाला लावून घेतो. मग हायवेवर चाळीस-पन्नास मैलांचा वेग आला की एकेक खडा सुटतो आणि चाकावरच्या प्लॅस्टिकवर ताडकन आपटतो. काही तर खाचांत असे रुततात की घरी आल्यावर स्क्रू-ड्रायव्हरने उकरून काढावे लागतात. मी ओट्यावर बसतो तसा पाट घेऊन बसतो गॅरेजमध्ये. सांगलीहून आई आली होती तेव्हा तिला जरा लांब फिरवून आणलं. रॅम्पवर खडखड सुरू झाल्याबरोबर म्हणाली, ‘अरे थांब, खालचं काहीतरी सुटलंय.’ सांगितलं की टायर असेच असतात. त्यावर, ‘एवढे पैसे देऊन?’ मागच्या चाकांपुढचा रंग टवके उडून आताच खराब दिसायला लागलाय. मडफ्लॅप लावा. पहिल्या दिवशीच लावा, हे सेटअपइतकंच महत्त्वाचं आहे.

आवाजाचं फार सांगत नाही, मोठा आहे. पावसात नवे असताना बरे, नक्षी निम्म्यावर आली की साचलेल्या पाण्यात पाय अलगद ठेवा. थंडीत तर विषयच नाही. गोठणबिंदूखाली हे रबर कडक होतं आणि तशात वाकवलं तर तडे जाऊ शकतात. म्हणून गार गॅरेजऐवजी बेसमेंट, आणि हिवाळ्याला वेगळे टायर.

पुण्याचा मावसभाऊ हे सगळं ऐकून ‘मला पण पाठव’ म्हणतो. त्याला पुन्हा एकदा : जून २०२० पासून भारतात टायरची आयात निर्बंधित यादीत आहे आणि वर आयएसआय शिक्का लागतो. सामानातून आणायचं डोक्यातून काढ.

पुढच्या हंगामाला ट्रॅकसाठी पुन्हा आरएस४च. ऑटोक्रॉससाठी आरई-७१आरएसचा वेगळा सेट करायचा मोह आहे, पण त्याला पाच बोल्ट, १०० मिलिमीटरच्या पीसीडीचे (बोल्टांच्या वर्तुळाच्या व्यासाचे) जुने सात इंची रिम स्वस्तात मिळाले तरच. रिमचे पैसे निम्मे द्यायला को-ड्रायव्हर तयार आहे. मी त्याला अजून हो म्हणालेलो नाही, तो मडफ्लॅपचेही निम्मे देतो का ते बघतोय.