रॉकेटविना कक्षेत? स्पिनलाँचच्या प्रक्षेपणसेवेचे परीक्षण

उपग्रह कक्षेत पोहोचवण्याची सेवा देऊ करणाऱ्या कंपन्यांमध्ये स्पिनलाँच या अमेरिकन कंपनीचा प्रस्ताव सगळ्यांत वेगळा आहे. इतर कंपन्यांची वाहने जमिनीपासूनच इंधन जाळत वर चढतात; ही कंपनी मात्र उपग्रह गोफणीतल्या दगडासारखा गरगर फिरवून आकाशात भिरकावण्याचे म्हणते. जोनाथन येनी यांनी २०१४ मध्ये ती स्थापन केली, आणि तिच्याविषयी जे छापून आले त्यातल्या अनेक मथळ्यांचा सूर ‘आता रॉकेटची गरज उरली नाही’ असाच होता. प्रस्तुत परीक्षणात तो दावा, त्यामागचे यंत्र आणि ग्राहकाच्या पदरात प्रत्यक्षात काय पडते, या तिन्हींचा विचार केला आहे. या सेवेने अद्याप एकही वस्तू कक्षेत नेऊन सोडलेली नाही. त्यामुळे परीक्षणाला आधार आहे तो जाहीर झालेल्या चाचण्यांचा आणि महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षापलीकडे न जाणाऱ्या गणिताचा.

प्रथम यंत्र पाहू. न्यू मेक्सिकोतील स्पेसपोर्ट अमेरिका या प्रक्षेपणतळावर उभारलेले चाचणीयंत्र म्हणजे ३३ मीटर व्यासाची, कडेवर उभी केलेली चपटी पोलादी टाकी होय. तिच्यातली हवा पंपांनी काढून घ्यावी लागते, कारण हवेत इतक्या वेगाने फिरणारा कोणताही भाग तापून निकामी झाला असता. आत कार्बन तंतूंपासून बनवलेला एक लांब हात फिरतो. त्याच्या एका टोकाला बाणासारखे निमुळते वाहन आणि दुसऱ्या टोकाला तोल सांभाळणारे वजन असते. ठरलेला वेग गाठला की पकड सुटते आणि वाहन बाहेर जाणाऱ्या नळीतून, तिच्या तोंडावर ताणून बसवलेला पातळ पडदा फाडून, थेट दाट हवेत शिरते.

हे वर्णन वाचायला सोपे असले तरी त्यातला सुटण्याचा क्षण नीट पाहण्यासारखा आहे. पूर्ण आकाराच्या यंत्रात हाताचे टोक सेकंदाला सुमारे २.१ किलोमीटर या वेगाने धावणार आहे, म्हणजे एका मिलिसेकंदात ते दोन मीटरहून अधिक पुढे सरकेल आणि हात जवळजवळ पावणेतीन अंशांतून वळेल. पकड उघडण्यात तेवढा जरी उशीर झाला, तरी वाहन नळीच्या तोंडाकडे न जाता टाकीच्या भिंतीकडे जाईल. शिवाय वाहन सुटले की हाताच्या एका टोकावरचा भार एकदम नाहीसा होतो आणि उरलेल्या वजनाचा सगळा एकांगी ओढा मधल्या आसावर येतो. हे सारे सांभाळून कंपनीने २२ ऑक्टोबर २०२१ रोजी पहिली चाचणी यशस्वी केली, तीही यंत्राच्या क्षमतेच्या सुमारे एक पंचमांश शक्तीवर. आणि सप्टेंबर २०२२ मधल्या दहाव्या उड्डाणात नासासह बाहेरच्या संस्थांची उपकरणे वर पाठवून परत मिळवली. ही उड्डाणे अवकाशाच्या सीमेच्या पुष्कळ खालीच राहिली, तरी यंत्र चालते याविषयी शंका घेण्याचे कारण उरलेले नाही. अभियांत्रिकी म्हणून या कामाला मी पूर्ण गुण देतो.

ग्राहकाला विकायचे यंत्र मात्र हे नव्हे. त्यासाठी सुमारे १०० मीटर व्यासाची टाकी आणि २०० किलोपर्यंतचा उपग्रह, अशी योजना आहे. कंपनी सांगते की उपग्रहाला पृथ्वीच्या गुरुत्वाच्या १०,००० पट त्वरण सोसावे लागेल. हा आकडा ज्याला पडताळायचा असेल त्याने वेगाचा वर्ग करून त्याला त्रिज्येने भागावे: २.१ किलोमीटरचा वेग आणि सुमारे ४५ मीटर लांबीचा हात धरला तर उत्तर अगदी तेवढेच येते. जाहिरातीतला आकडा गणिताशी इतका तंतोतंत जुळलेला क्वचितच पाहायला मिळतो.

आता बारीक अक्षरांतला मजकूर. या वाहनाच्या आत रॉकेट आहे. सुमारे ६० किलोमीटर उंचीवर पोहोचल्यावर बाहेरचे कवच गळून पडायचे, आतले दोन टप्प्यांचे रॉकेट पेटायचे आणि पुढचा प्रवास त्यानेच करायचा, अशी रचना आहे. म्हणजे ‘रॉकेटविना’ हे विशेषण पहिल्या टप्प्यापुरतेच खरे आहे. कंपनीने हे कधी लपवले नाही, हे नमूद केले पाहिजे. मथळे लिहिणाऱ्यांनी ते गाळले.

तरीही प्रश्न उरतोच की हे रॉकेट काढून टाकता येईल का. याचे उत्तर न्यूटनच्या काळापासून ठाऊक आहे आणि ते यंत्राच्या आकारावर अवलंबून नाही. जमिनीवरून फेकलेली वस्तू, मुक्तिवेगापेक्षा (म्हणजे पृथ्वीच्या ओढीतून कायमचे सुटण्यासाठी लागणाऱ्या वेगापेक्षा) कमी वेगाने फेकली असेल तर, लंबवर्तुळाकार मार्गाने जाते, आणि तो मार्ग ज्या बिंदूपासून सुरू झाला त्याच बिंदूकडे परत येतो. हवेचा रोध क्षणभर विसरला, तरी पहिली प्रदक्षिणा पुरी होण्याआधीच वस्तू जमिनीला येऊन भिडते, कारण त्या लंबवर्तुळाचा काही भाग पृथ्वीच्या पोटातून जातो. सेकंदाला ११.२ किलोमीटर या मुक्तिवेगाहून अधिक वेग दिला तर ती पृथ्वीभोवती न राहता निघूनच जाते. पृथ्वीभोवतीच ठेवायची असेल तर वर गेल्यावर तिला एकदा आडवा धक्का द्यावाच लागतो, आणि तेथे धक्का देणारे साधन म्हणजे लहानसे का होईना पण रॉकेटच.

शिवाय धक्का लहानसा नसतो. ४०० किलोमीटर उंचीच्या कक्षेत वस्तू सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर वेगाने फिरते. तेथे पोहोचलेल्या प्रत्येक किलोमध्ये उंचीची आणि वेगाची मिळून सुमारे ३३ मेगाज्यूल, म्हणजे विजेच्या हिशेबात ९ युनिटांच्या आसपास ऊर्जा असते. (कक्षेतला एक किलो म्हणजे शेवटी ९ युनिट वीज, हे वाचून रॉकेटवाल्यांचा राग येणे स्वाभाविक आहे, पण ती वीज त्या किलोमध्ये नेऊन भरायची कशी, हाच तर सगळा धंदा आहे.) २.१ किलोमीटरच्या वेगाने यंत्र त्यातली जेमतेम ७ टक्के ऊर्जा देते.

मग वेगच का वाढवू नये? १०,००० पट त्वरणाची मर्यादा पाळून कक्षेइतका वेग द्यायचा तर हाताची लांबी ६०० मीटरच्या वर न्यावी लागेल, म्हणजे सव्वा किलोमीटर व्यासाची निर्वात टाकी. ती बांधली असे समजले तरी नळीच्या तोंडाशी हवा उभी आहेच. समुद्रसपाटीच्या हवेत २.१ किलोमीटरच्या वेगाने शिरणाऱ्या वाहनाच्या टोकावर वातावरणाच्या दाबाच्या २५ पटींहून अधिक दाब येतो, तर ७.८ किलोमीटरच्या वेगाला तो ३५० पटींच्याही पुढे जातो. रॉकेट दाट हवेतून तुलनेने सावकाश चढते आणि खरा वेग विरळ हवेत गेल्यावर घेते, ते याचसाठी. फेकण्याच्या पद्धतीत मात्र सगळ्यांत जास्त वेग नेमका सगळ्यांत दाट हवेत असतो, आणि या उलट्या क्रमावर आजवर कोणालाही उपाय सापडलेला नाही.

हे अनुभवाने शिकलेली माणसे पूर्वी होऊन गेली आहेत. जेराल्ड बुल या कॅनेडियन अभियंत्याने मॅकगिल विद्यापीठ आणि अमेरिकी लष्कर यांच्या ‘हार्प’ प्रकल्पात नौदलाच्या १६ इंची तोफांची नळी लांबवून बार्बाडोसमधून वातावरणाच्या अभ्यासासाठी गोळे डागले. त्याच प्रकल्पातल्या ॲरिझोनामधील युमा येथील तोफेने १८ नोव्हेंबर १९६६ रोजी एक गोळा सुमारे १८० किलोमीटर उंचीवर नेला. तोफेच्या तोंडाशी त्याचा वेग सेकंदाला सुमारे २.१ किलोमीटर होता, म्हणजे स्पिनलाँच आज ज्या वेगाचे आश्वासन देते नेमका तोच. गोळा अवकाशात गेला आणि खाली आला. कक्षा गाठण्यासाठी बुल यांनी पुढे जो गोळा आखला होता, त्यातही रॉकेटचे टप्पेच होते. नव्वदच्या दशकात लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने हायड्रोजन वायूच्या तोफेतून ५ किलोचे गोळे सेकंदाला ३ किलोमीटर वेगाने डागून दाखवले. कक्षेच्या दृष्टीने तेही निम्म्याच्या आतच राहिले. १९५७ मध्ये नेवाडातील एका भूमिगत अणुचाचणीत विवरावरचे पोलादी झाकण उडाले आणि वेगवान कॅमेऱ्याच्या एकाच चौकटीत दिसले, त्याची कथा या विषयात हटकून सांगितली जाते. त्याचा वेग मुक्तिवेगाच्या कितीतरी पट असावा असा अंदाज होता खरा, पण ते बहुधा हवेतच जळून संपले. त्याला प्रक्षेपणसेवा म्हणता येणार नाही.

इतके झाल्यावर या सेवेच्या बाजूने जे खरे आहे तेही मांडले पाहिजे. ७ टक्के ऊर्जा म्हणजे ७ टक्केच फायदा, असा हिशेब रॉकेटमध्ये लागू होत नाही, कारण इंधनाला वर नेण्यासाठी आणखी इंधन लागते. रोध आणि गुरुत्व यांवर खर्ची पडणारा वेग धरून नेहमीच्या रॉकेटला सेकंदाला सुमारे ९.४ किलोमीटरची तरतूद करावी लागते, आणि इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंचा वेग सेकंदाला ३ किलोमीटर धरला तर निघतानाच्या दर २३ किलोंपैकी एकच किलो वर पोहोचतो. यंत्राने, स्वतः दिलेल्या वेगाबरोबर सुरुवातीच्या चढणीतला रोधाचा आणि गुरुत्वाचा काही खर्चही वाचवून, त्यातला सव्वादोन-अडीच किलोमीटरचा भार उचलला तर हेच प्रमाण १० किलोंपैकी एक किलो इतके सुधारते. उरलेल्या त्या एका किलोत रॉकेटच्या टाक्या, इंजिने आणि उपग्रह हे सगळे येते हे लक्षात घेतले, तरी दुपटीहून अधिक सुधारणा ही काही थोडीथोडकी गोष्ट नव्हे. ती मिळते विजेवर, आणि यंत्र जमिनीवरच राहते.

ग्राहकाच्या दृष्टीने खरी कसोटी आहे ती १०,००० पट त्वरणाची. हे ऐकून बहुतेकांना उपग्रहाचा चुरा डोळ्यांपुढे येतो. तो समज बराचसा चुकीचा आहे. दुसऱ्या महायुद्धातील तोफगोळ्यांमध्ये बसवलेले, लक्ष्याजवळ आपोआप फुटणारे फ्यूज काचेच्या निर्वात नळ्यांवर चालत आणि २०,००० पट त्वरण सोसत. घट्ट साच्यात बसवलेली आजची इलेक्ट्रॉनिक मंडले त्या मानाने पुष्कळच चिवट आहेत. कंपनीने आपल्या लहान यंत्रात सौरघट, भिंगे आणि दिशा सांभाळणारी चक्रे फिरवून तपासली, आणि माझ्या मते तिच्या साऱ्या कामात सर्वांत भरीव भाग हाच आहे. तरी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तोफेतला धक्का काही मिलिसेकंदांचा असतो, तर येथे हात हळूहळू वेग घेत असल्यामुळे वाढता भार बराच काळ टिकतो. आणि हा भार उड्डाणाच्या दिशेने नसून तिला काटकोनात असतो. वाहन सुटले की तो एकाएकी नाहीसा होतो आणि लगेच हवेचा रोध दुसऱ्याच दिशेने दाबू लागतो. घडी घातलेले मोठे सौरपंख, नाजूक दुर्बिणी किंवा बाहेर डोकावणाऱ्या अँटेना असलेला उपग्रह यासाठी मुळापासून नव्याने आखावा लागेल, आणि तो खर्च सेवेच्या दरपत्रकात दिसत नाही. माणसांचा तर प्रश्नच नाही.

दरपत्रकाविषयी बोलायचे तर, सुरुवातीच्या काळात एका प्रक्षेपणाला ५ लाख डॉलरच्या आत खर्च यावा असे उद्दिष्ट सांगितले गेले होते. २०० किलोंचा भार धरला तर हा दर किलोला अडीच हजार डॉलर पडतो आणि कागदावर तो आकर्षक आहे. मात्र २०१९ मध्येच स्पेसएक्सने फाल्कन ९ या आपल्या रॉकेटवरच्या, अनेक ग्राहकांचे उपग्रह एकत्र नेणाऱ्या सामायिक उड्डाणात २०० किलो १० लाख डॉलरला नेण्याचे जाहीर केले, आणि तेथे उपग्रहाला हजारो पट त्वरण सोसायचे नसते. किमतीतला तेवढा फरक उपग्रह नव्याने आखण्याच्या खर्चात सहज विरून जातो. २०२५ मध्ये स्पिनलाँचने स्वतःचे दळणवळण उपग्रहांचे जाळे जाहीर केले आणि ते नेहमीच्या रॉकेटवरून पाठवायचे ठरवले, यात सगळे आले. दुकानदार स्वतःच्या घरचा माल दुसरीकडून आणत असेल तर गिऱ्हाईकाने काय ते ओळखावे.

रॉकेटला खरोखर पूर्ण रजा देणारे पर्याय म्हणून भूस्थिर कक्षेपर्यंत, म्हणजे ३५,७८६ किलोमीटर उंचीपर्यंत आणि त्यापलीकडे जमिनीपासून ताणलेल्या आणि ज्यावरून माल वर चढवायचा अशा दोराची कल्पना पुढे केली जाते. तत्त्व निर्दोष आहे. स्वतःचे वजन पेलेल असा तेवढ्या लांबीचा दोर मात्र कोणाकडेही नाही, त्यामुळे परीक्षण करायला तेथे काहीच नाही.

याउलट स्पिनलाँचचे यंत्र चंद्रावर नेले तर चित्र पालटते. तेथे हवा नाही, म्हणून निर्वात टाकी नको, पडदा नको, उष्णतारोधक टोक नको. चंद्राच्या पृष्ठभागालगतचा कक्षावेग सेकंदाला १.७ किलोमीटरच्या आसपास आणि मुक्तिवेग २.४ किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे आज आखलेले यंत्र थोड्याशा वाढीने माल चंद्रावरून थेट बाहेर फेकू शकेल. जेरार्ड ओनील या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकात चंद्रावरची माती विद्युतचुंबकीय फेकयंत्राने अवकाशात पाठवण्याची कल्पना मांडली ती याच हिशेबावर. चंद्राभोवतीच घिरट्या घालणाऱ्या कक्षेसाठी मात्र तेथेही छोटे इंजिन लागेलच, नाहीतर माल एका फेरीनंतर यंत्राच्याच उंचीवरून परत जाऊ पाहील.

पृथ्वीवरून उपग्रह पाठवू इच्छिणाऱ्याला मी आजच्या घडीला या सेवेची शिफारस करणार नाही. पाचपैकी दोन गुण, आणि ते दोन्ही यंत्रासाठी. कोणी तरीही करार करण्याच्या विचारात असेल, तर पूर्ण आकाराचे यंत्र कधी उभे राहणार याहून आधी एक गोष्ट विचारावी: १०,००० पट त्वरण सोसून ६० किलोमीटर उंचीवर पेटणारे दोन टप्प्यांचे रॉकेट प्रत्यक्षात कधी पेटवून पाहिले आहे का, आणि पाहिले असल्यास त्या चाचणीचा अहवाल मागून घ्यावा.