नुसती गोळी की गोळीसोबत बोलणंही?

माझ्या धाकट्या भावाला कूलरच्या घरघरीतून शेजारी शिव्या देताना ऐकू यायचे. नागपूरच्या मे महिन्यात तो कूलर बंद करून घामाघूम बसायचा.

गोळ्यांनी काही आठवड्यांत फरक पडला. झोप लागू लागली, भीती ओसरली. सायकोसिसवरची (म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, नसलेल्या गोष्टी खऱ्या वाटणं, यावरची) ही औषधं 1952 पासून वापरात आहेत आणि पहिला आधार त्यांचाच. पण त्याचं वजन वाढलं, सुस्ती आली, आवाजही पुरते गेले नाहीत.

मग मानसशास्त्रज्ञ मॅडमकडे सीबीटी, म्हणजे बोलून आपले विचार आणि वागणं तपासायला शिकवणारी उपचारपद्धती, सुरू केली. ब्रिटनची नाइस ही संस्था यासाठी किमान 16 सत्रं सुचवते. मॅडम कधी त्याच्याशी वाद घालायच्या नाहीत. "आवाज केव्हा वाढतो? तेव्हा तू काय करतोस?" एवढंच विचारायच्या, तो वहीत लिहून न्यायचा. एका दुपारी त्याने स्वतःच कूलर लावला, दहा मिनिटं ऐकत बसला आणि लिहिलं : "आवाज येतोय, पण शेजारी तर गावाला गेलेत." ती वही मी जपून ठेवली आहे.

यात वेळ फार जातो, हे खरं. तरी माझं मत पक्कं आहे : डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडायची नाही, आणि नुसत्या गोळीवर थांबायचंही नाही. सुरुवात कुठून करावी कळत नसेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावा, मराठीतही बोलतात.