टिळकवाडीतील संविधान-इतिहासाचा मराठी वर्ग : एक अभिप्राय

बेळगावच्या टिळकवाडीतील एका खासगी अभ्यासिकेत शनिवारी संध्याकाळी संविधानांच्या इतिहासाचा वर्ग मराठीतून भरतो. तो स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांसाठी सुरू झाला. पण शहापूर, येळ्ळूर, खानापूर या भागांतून नोकरी-व्यवसाय सांभाळणारी मंडळीही आता येथे येतात. अमेरिकेच्या संविधानावरील भाग मी पूर्ण ऐकला असून हा अभिप्राय त्यापुरताच आहे.

१७८१ मध्ये अमलात आलेल्या 'आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन' या अमेरिकेतील तेरा राज्यांच्या पहिल्या कराराखाली काँग्रेसला, म्हणजे त्यांच्या केंद्रीय सभेला, कर बसवण्याचा अधिकार नव्हता. स्वातंत्र्ययुद्धाचे कर्ज फेडण्यासाठी तिने राज्यांकडे रक्कम मागायची आणि राज्यांनी ती जमेल तेवढी द्यायची, असा तो कारभार होता. आयात मालावर पाच टक्के जकात घेण्याचा प्रस्ताव ऱ्होड आयलंडने १७८२ मध्ये फेटाळला आणि दुरुस्तीला तेराही राज्यांचे एकमत लागत असल्यामुळे तो बारगळला. मॅसॅच्युसेट्समधील कर्जबाजारी शेतकऱ्यांनी १७८६ मध्ये न्यायालयांचे कामकाज बंद पाडले, तेव्हा ते बंड मोडायला केंद्राजवळ सैन्य नव्हते. बॉस्टनच्या व्यापाऱ्यांच्या पैशावर राज्याला फौज उभारावी लागली. हे शिकवताना सरांनी १८७५ मध्ये पुणे-अहमदनगर भागात सावकारांचे रोखे जाळणाऱ्या शेतकऱ्यांची आठवण दिली, त्यामुळे दूरचा प्रसंग वर्गाला चटकन उमगला.

वर्गाचे खरे बळ मात्र फिलाडेल्फियाच्या संविधान परिषदेच्या विवेचनात दिसते. मे ते सप्टेंबर १७८७ या काळात बंद दाराआड चाललेल्या त्या परिषदेला जुन्या करारात दुरुस्ती सुचवण्याचेच काम दिलेले होते. तिने तो करार बाजूला सारून नवे संविधान लिहिले आणि एकमताची अट टाळून नऊ राज्यांची मान्यता पुरेशी ठरवली. हे अधिकाराचे उल्लंघन होते की नाही, या प्रश्नावर सरांनी वर्गाला मनसोक्त वाद घालू दिला. स्वतःचे मत त्यांनी शेवटपर्यंत राखून ठेवले, याचे मला विशेष कौतुक वाटते.

सीमाभागातील श्रोत्यांना सर्वाधिक भिडला तो अमेरिकी संविधानाच्या चौथ्या अनुच्छेदातील नियम. त्यानुसार एखाद्या राज्याच्या हद्दीत नवे राज्य घडवायचे, तर त्या राज्याच्या विधिमंडळाची संमती अनिवार्य आहे. आपल्या संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदानुसार मात्र संसद कायदा करून सीमा बदलू शकते. संबंधित राज्याचे मत मागवावे लागते, पण ते बंधनकारक नसते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले ते याच अधिकाराने, हे आमच्या घरोघरी चर्चिल्या जाणाऱ्या प्रश्नामागील घटनात्मक सूत्र इतक्या स्वच्छपणे मांडलेले मी प्रथमच ऐकले.

गुलामगिरीवरील तडजोडी मात्र फारच घाईने आटोपल्या. प्रतिनिधित्व मोजताना गुलामांची तीन-पंचमांश संख्या धरण्याचा निर्णय आणि गुलामांच्या आयातीला १८०८ पर्यंत दिलेले अभय यांना स्वतंत्र सत्र हवे होते. वर्ग उशिरा सुटत असल्याने खानापूरकडील मुलांना बससाठी चर्चा अर्धवट सोडावी लागते. वेळ तासाभराने अलीकडे आणावी. टिपणे नेटकी असून शुल्क माफक आहे. पदवीच्या विद्यार्थ्यांनी हा वर्ग अवश्य करावा, आणि पुढच्या खेपेस मूळ अनुच्छेदांचा मराठी मजकूर टिपणांना जोडावा, अशी संचालकांना विनंती आहे.